आधी पाणी, मग विस्तव

गागोद्याच्या घरात तांब्याचा बंब होता तोवर पाणी तापलं नाही म्हणून कुणी मेकॅनिकला बोलावल्याचं मला आठवत नाही. बंब बिघडत नसे असं नव्हे. चांगला बिघडे, आणि आषाढात तर रोज कुरकुरे. पण त्याचं दुखणं लपून राहत नसे. धूर न्हाणीत परततोय म्हणजे वरचं धुराडं काजळीनं चोंदलं. निखारे पेटायच्या आत काळे पडताहेत म्हणजे खालची जाळी राखेनं भरली. विस्तवावर चर्र आवाज येतोय म्हणजे आतल्या नळीचा जोड सुटला. डोळे, नाक आणि कान एवढ्या हत्यारांवर निदान होई, आणि ते करायला घरातलं आठ-नऊ वर्षांचं पोरही पुरे. आता त्याच न्हाणीच्या जागी टाइल्स लावलेली बाथरूम आहे आणि भिंतीवर गॅस गीझरची पांढरी पेटी. ती रुसली की घरातली शिकली-सवरलेली माणसं तिच्यासमोर उभी राहतात आणि एकमेकांची तोंडं बघतात.

गागोदे बुद्रुक बाहेरच्यांना माहीत असतं ते विनोबांमुळे. पेण तालुक्यातल्या या गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. त्यांचं जन्मस्थान बघायला अजून माणसं येतात. आमचं आजोळ त्याच गावचं, पण साधं. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी आणि पडवीला लागून कुडाच्या भिंतींची, कौलारू छपराची न्हाणी. न्हाणीतला काळोख, ओल्या मातीचा आणि धुराचा मिसळलेला वास, कोपऱ्यात तीन पायांवर उभा बंब, त्याच्याशेजारी घंगाळ. दगडावर बसायचं, बंबातून कढत पाणी घंगाळात घ्यायचं, वरून विसण घालायचं आणि आधी कोपर बुडवून बघायचं. कोकणात थंडी ती केवढी, असं घाटावरचे लोक म्हणतात आणि ते खरंच आहे. पण चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत, चिखलात दिवसभर लावणी करून पाठ धरते, तेव्हा गरम पाणी ही चैन वाटत नाही.

बंबाची रचना मला अजूनही थक्क करते. तांब्याचं उभं पिंप आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी, तिच्यावर विस्तव, डोक्यावर धुराडं, आणि नळीभोवती सगळं पाणी. आग पाण्याच्या ऐन मधे. बाहेरच्या चुलीवर हंडा ठेवला की निम्मी आग वाऱ्याला जाते. बंबात तिला पाण्याला ओलांडूनच बाहेर पडावं लागतं. जाळीखालून गार हवा शिरते, तापून हलकी होते, वर धुराड्यातून निघून जाते आणि जाताना खालून नवी हवा ओढून घेते. ना पंखा, ना वीज. ज्या तांबटानं हे पहिल्यांदा केलं त्याला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक असणार. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून हे काम चालत आलं आहे. मठारकाम केलेल्या पत्र्यावरचे हातोडीचे ठिपके बघत मी लहानपणी अंघोळ लांबवत असे, आणि मग बाहेरून आजीची थाप पडे.

सरपणाचं राजकारण हा मात्र वेगळाच विषय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, डोंगराच्या पायथ्याचं गाव, लाकडाला काय तोटा? पण रायगडात भातशेती म्हणजे राब आला. उन्हाळ्यात ऐनाच्या फांद्या तोडायच्या, त्यांचा कवळ, पालापाचोळा, शेण जमिनीवर थर देऊन पसरायचं आणि पावसाआधी भाजायचं. त्या भाजलेल्या जागेत भाताचा दाढ पेरायचा. म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येक काटकीवर आणि पाटीभर शेणावर पहिला हक्क राबाचा, दुसरा चुलीचा आणि उरलंसुरलं बंबाचं. बंबाच्या पोटात त्यामुळे काय वाटेल ते जाई. नारळाची सोडणं, करवंट्या, भाताचं तूस, सुताराच्या ढलप्या, शेण्यांचे तुकडे, मोडक्या सुपाच्या काड्या. करवंटी पेटली की मोठी आग होई आणि पाणी झटकन तापे, म्हणून करवंट्या पाहुण्यांसाठी राखून ठेवत. आम्ही पोरं कुठं खेळायला गेलो तरी परतताना हातात एखादी काटकी असावी, असा दंडक होता.

शहरातले बंब मात्र लोणारी कोळशावर चालत. तो कोळसा कुठून येई, हे पुण्या-मुंबईच्या स्मरणरंजनात सहसा येत नाही, म्हणून इथं सांगते. आमच्याच पेण-रोह्याकडच्या डोंगरांतली कातकरी माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जात. दिवाळीनंतर बायकापोरांसह घर सोडायचं, लाकूड तोडायचं, रचायचं, मातीनं लिंपायचं, आत धुमसत ठेवायचं आणि रात्ररात्र राखायचं. ढिगाला कुठं भोक पडलं तर सगळ्याची राख. पावसाच्या तोंडावर परत यायचं. ठेकेदाराकडून आधी घेतलेली उचल परतीच्या हिशेबात क्वचितच फिटे, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला. कायदा आला म्हणून भट्टीवरची वही लगेच मिटली नाही. बंबातल्या पाण्याची गोड आठवण काढणाऱ्यांनी, मीही त्यातच आले, हा कोळसा त्या आठवणीतून वगळू नये.

आता आजीचे नियम. ती ते नियम म्हणून सांगत नसे, खेकसून सांगे. पहिला, आधी पाणी, मग विस्तव. दुसरा, जेवढं काढाल तेवढं ओता. तिसरा, धुराड्यावर काही वाळत घालू नका. चौथा, न्हाणीचं दार आतून घट्ट लावू नका. आणि पाचवा, जो फक्त पोरांसाठी होता, लवकर आटपा.

या प्रत्येक खेकसण्यामागे पक्कं कारण होतं, हे मला फार उशिरा, गीझरची पेटी उघडलेली बघताना कळलं. आमच्या बंबाला ठिकठिकाणी कथलाचे डाग दिलेले होते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आत पाणी आहे तोवर तांब्याचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा पुढे जाऊ शकत नाही, कारण आलेली उष्णता पाणी ओढून घेतं आणि फार झाली तर वाफ होऊन सोडून देतं. रिकाम्या बंबात विस्तव घाला, पत्रा पाहता पाहता अडीचशेच्या वर जातो आणि सगळे डाग पाझरून खाली येतात. एकदा शेजारच्या घरी नव्या सुनेकडून असं झालं होतं. बंब तांबटाकडे गेला आणि घरात पुढचा महिनाभर त्यावरून टोमणे. तीच गोष्ट जेवढं काढाल तेवढं ओतण्याची. न्हाऊन झाल्यावर बादलीभर पाणी न ओतता जो पसार होई, तो पुढच्याला उकळतं पाणी आणि घराला गळका बंब देऊन जाई.

दुरुस्ती मात्र घरची असे. जाळीखालून सळई घालून राख पाडायची. धुराडं उतरवून आपटायचं. काजळीचा ढग उठे आणि ते काम करणारा मामा दिवसभर कोळशातून आल्यासारखा दिसे. तोटी गळायला लागली तर ती काढून तिची निमुळती खुंटी राख आणि तेल लावून तिच्याच घरात फिरवत बसायची, दोन्ही पृष्ठं एकमेकांना झिजवून बेमालूम बसेपर्यंत. डाग सुटला तरच पेणचा रस्ता. पेणला बाजाराला जाताना बैलगाडीत, पुढे एसटीच्या टपावर, बंब जाई आणि संध्याकाळी परत येई. दिवाळीच्या आधी चिंच-मीठ लावून त्याला घासत. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो असा लखलखे की उटणं त्यालाच लावलंय असं वाटावं.

विस्तव घराच्या मधे असे, तेव्हा त्यात आणखीही काय काय जाई. विनोबांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बडोद्याच्या घरी आई चुलीशी बसलेली असताना त्यांनी आपली प्रमाणपत्रं जाळून टाकली. आईनं विचारलं, पुढे लागली तर? ते म्हणाले, लागणार नाहीत. १९१६ सालच्या मार्चमध्ये ते घर सोडून निघाले ते काशीला पोचले. या गोष्टीतला वैराग्याचा भाग थोरामोठ्यांनी पुष्कळ सांगितलाय. मला दुसरंच दिसतं. मुलगा काहीतरी जाळतोय हे आईला बसल्या जागी दिसलं, कारण आग दोघांच्या मधे होती. आज एखाद्या मुलाला असं काही करायचं झालं तर फ्लॅटमध्ये त्याला कागद पेटवायला जागा मिळायची नाही, आणि मिळाली तर आईच्या आधी धुराची घंटा वाजेल.

एवढं सगळं लिहूनही बंब परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. पहाटे चारला उठून तो पेटवायची ती माझी मामी. सतरा-अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली. ओल्या सरपणाचा धूर, फुंकणीनं फुंकून लाल झालेले डोळे, आणि घरातले सगळे पुरुष न्हाऊन झाल्यावर तिच्या वाट्याला उरलेलं कोमट पाणी. अंघोळीचा क्रम ठरलेला. आजोबा, मामा, पाहुणे, शाळेत जाणारी पोरं, मग आजी. मामी शेवटची. तोवर विस्तव निवलेला असे. आम्ही ज्याला बंबाची ऊब म्हणतो, ती तिनं जन्मात कधी पुरती घेतली नाही. मी एकदा तिच्यासमोर बंबाचं कौतुक करायला लागले तर ती म्हणाली, "तुला एवढा आवडतो तर घेऊन जा मुंबईला. पण पेटवायला मला बोलवू नको."

मधला काळ भराभर गेला. आधी पाण्यात बुडवायचा विजेचा रॉड आला, त्यानं सगळ्यांना एकेकदा झटका दिला. मग विजेचा गीझर आला, आणि भारनियमनानं त्याला नुसतं भिंतीवर टांगून ठेवलं. एका उत्साही मामेभावानं छपरावर सौर बंब बसवला. तो मे महिन्यात, म्हणजे कुणालाच गरम पाणी नको असताना, झकास चाले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, जिल्ह्यात विजेचे खांब झोपले आणि कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. तेव्हा मागल्या दारी पुन्हा तीन दगड मांडले गेले. बंब तेव्हाही होता, पण त्याचा तळ गेलेला. पुढे तो भंगारवाल्याला वजनावर दिला. तांब्याला भाव चांगला आला, एवढंच.

गॅसचं मला नेहमी नवल वाटतं. आमच्या दाराशी, नागोठण्याला, समुद्रातल्या गॅसवर चालणारा केवढा मोठा पेट्रोकेमिकल कारखाना उभा राहिला. आधी सरकारी होता, २००२ नंतर रिलायन्सकडे गेला. त्याच्या उंच चिमणीवरची ज्योत रात्री दुरून दिसते. आणि त्या ज्योतीच्या टापूतल्या घरांत बायका ओली लाकडं फुंकत होत्या. उज्ज्वला योजना सुरू झाली २०१६ साली. हिशेब केला तर वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला साधारण पन्नास-साठ ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा दोनशेवर बादल्या. दोनशे बादल्यांना लाकडाचे किती भारे लागत, ते मामीच्या मानेला विचारा.

तर हा गॅस गीझर. पेणहून आलेल्या मुलानं पहिल्यांदा त्याचं झाकण काढलं तेव्हा मामी आणि मी दोघी शेजारी उभ्या होतो. तो एकेक भाग दाखवत गेला आणि मला आजीचं खेकसणं ऐकू यायला लागलं. पाण्याच्या वाटेवर रबराचा एक पातळ पडदा असतो, त्याला तो डायफ्रॅम म्हणत होता. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं तो फुगतो, एक दांडी पुढे ढकलतो, दांडी बटण दाबते, आणि मगच ठिणगी पडते व गॅस उघडतो. पाणी वाहत नसेल तर काही केल्या ज्योत पेटणार नाही. आधी पाणी, मग विस्तव. ज्योतीत एक सळई बुडालेली असते. ज्योत आहे याची खूण तिच्यातून मिळाली नाही तर गॅस बंद. पाणी फार तापलं तर दुसरा एक तुकडा सर्किट तोडतो. आणि बऱ्याच गीझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, म्हणजे दारावरची थापसुद्धा पेटीत जाऊन बसली आहे.

तेव्हापासून बिघडलेल्या गीझरकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. तो पुष्कळदा बिघडलेला नसतोच. तो कुठल्या तरी नियमावर अडून बसलेला असतो, आणि कोणत्या ते त्याच्या आवाजावरून बरंचसं ओळखता येतं. नळ सोडला आणि टिकटिक मुळीच झाली नाही, तर खालचे दोन मोठे सेल संपलेत, किंवा पाण्याला दाब नाही, जाळीत कचरा आहे, पडदा फाटलाय. म्हणजे 'पाणी आहे' यावर त्याचा विश्वास बसलेला नाही. टिकटिक होते पण भडका नाही, तर गॅस पोचत नाही. सिलिंडर, रेग्युलेटर, नळी बघा. पेटून लगेच विझतो, तर ज्योत ओळखणारी सळई काजळलीय. ज्योत निळी न येता पिवळी येते, तर हवा कमी पडतेय; कधी कधी बर्नरच्या तोंडात कोळ्यानं जाळं केलेलं सापडतं. बंबाच्या वेळी धूर, राख आणि ठिबक होती, इथं टिकटिक आणि रंग आहे. वाचायची लिपी बदलली, वाचणारं मात्र घरात कुणी उरलं नाही, कारण झाकणावर लिहिलेलं असतं की उघडू नका.

एका बाबतीत मात्र नवा काळ जुन्यापेक्षा अधिक घातकी आहे, आणि त्यात दोष पेटीचा कमी व घराचा जास्त. लोक सांगतात, आमच्या वेळी न्हाणीत कोळसे असत, कुणाला काही झालं नाही. झालं नाही, कारण न्हाणी फटींनी भरलेली होती. कुडाची भिंत, कौलांमधली उघडी जागा, दाराखालचं वीतभर अंतर. घर श्वास घेई. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड तेव्हाही निघे; त्याला ना वास, ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट जोरानं धरतो. आता वर स्लॅब, खाली टाइल्स, ॲल्युमिनियमची घट्ट खिडकी, त्यात आतच बसवलेला गॅस गीझर आणि आतून कडी. मग हिवाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते. बंब सुरक्षित नव्हता, घर सुरक्षित होतं. आमच्या मामीनं गीझर बाहेरच्या भिंतीवर लावून घेतला तो काही शास्त्र वाचून नव्हे. "विस्तव न्हाणीच्या आत, दार बंद, असं आमच्यात नव्हतं," एवढंच ती त्या मुलाला म्हणाली.

घट्ट बंद घरात आग ठेवायची वेळ आलीच तर काय करावं, याचं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी बघायला मिळालं. मामीचा नातू स्कॉटलंडमध्ये असतो. त्यानं तिथं जुनी, वीसेक वर्षं वापरलेली मोटरहोम विकत घेतली आहे. व्हॅनच्या पाठीवर खोली, तीत ओटा, पलंग, न्हाणी आणि एका कपाटाखाली गॅसवर चालणारा तापवणारा डबा, जो खोलीची हवाही तापवतो आणि पाणीही. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तो आणि त्याची बायको इन्व्हरनेसच्या पुढे कुठंतरी मुक्कामाला होते, आणि डबा पेटेना. पंखा घरघरतो, टिकटिक होते, लाल दिवा लागतो, गप्प. त्यानं व्हिडिओ कॉल लावला तो खरं तर आम्हाला बर्फ दाखवायला. पण मामीला बर्फाचं काही नव्हतं. तिनं डब्याला बघू दे म्हटलं.

त्यानं दाखवलं आणि समजावलं. या डब्यातली आग खोलीतल्या हवेला शिवतच नाही. भिंतीतून बाहेर नळीत नळी गेलेली आहे. एकीतून बाहेरची हवा आत येते, दुसरीतून जळका वायू बाहेर जातो. खोलीतली हवा फक्त तापलेल्या धातूवरून फिरून परत येते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडची घंटा छताला आहे, आणि गाडीच्या जमिनीत काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. थंडी वाजते म्हणून नवे लोक ती चिंध्या कोंबून बुजवतात, ती कधी बुजवायची नाहीत. नळीत नळी आणि मधे आग हे ऐकून मामी एकदम खूश झाली. "म्हणजे आमचा बंबच की. धूर कुठून जातो? तिथं बघ आधी."

तो बाहेर जाऊन बघून आला. धुराची जागा मोकळी होती. आजीचं ज्ञान जिंकलं असं इथं लिहायला मला आवडलं असतं. दुखणं निराळंच निघालं. शेगडी पेटवून पाहिली, ज्योत निळी आणि ताठ. म्हणजे गॅस होता. सिलिंडर लाल होता, प्रोपेनचा. हे तपासायचं कारण तिथं दोन तऱ्हेचा गॅस मिळतो. ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच द्रवातून वायू व्हायचं थांबवतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सिलिंडर भरलेला असूनही उपाशी. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. मग त्यानं बॅटरी मोजली. १२.६ व्होल्ट, एकदम धडधाकट. इथं तो अडला. शेवटी त्यानं मीटरच्या सुया थेट डब्याच्या तारांना लावल्या आणि बायकोला बटण दाबायला सांगितलं. पंखा फिरायला लागला आणि आकडा धाडकन दहाच्या आसपास आला. डब्याला निदान साडेदहा लागतात, त्याखाली तो गॅस उघडतच नाही, कारण अर्धवट वेगाच्या पंख्यावर आग लावणं धोक्याचं. वीज वाटेत कुठंतरी गळत होती. तारेमागे तार शोधत तो गाडीच्या सांगाड्याला कसलेल्या एका बोल्टपाशी पोचला. वीस वर्षांचा गंज. काचकागदानं घासला, पुन्हा कसला, डबा पेटला.

"राखच साठलेली," मामी म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

त्याच डब्याची आणखी एक खोड त्यानं सांगितली ती मला फार आवडली. रात्री पारा शून्याजवळ आला आणि डबा बंद असला, की एक झडप आपोआप उघडते आणि पोटातलं सगळं पाणी गाडीखाली सोडून देते. नव्या मालकाला वाटतं टाकी फुटली. पण पाणी आत गोठलं तर खरोखरच फुटेल, म्हणून ही सोय. आमच्याकडे बंब रात्री रिकामा ठेवला तर सकाळी कुणीतरी तसाच विस्तव घालेल ही भीती. तिथं भरलेला ठेवला तर भीती. नियम उलटा झाला, पण नियम सांगणारं कुणीतरी आहे, यात मामीला समाधान वाटलं.

आपल्याकडे अशा गाड्यांना आता सरकारी आशीर्वाद आहे. महाराष्ट्रानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तशा गाड्या अधूनमधून दिसतात. त्यांत हवा तापवणारा डबा कुणी बसवेल असं वाटत नाही, सगळी ओढ एसीकडे. पण भिंतीतली भोकं त्यांनाही लागतील, विशेषतः पावसात काचा लावून आत चहा ठेवणाऱ्यांना. ते कुणी सांगतं की नाही, कोण जाणे.

या पावसाळ्यात मामीचा गीझर पुन्हा रुसला. टिकटिक नाही. मामीनं नवे सेल घालून पाहिले, आत येणाऱ्या पाण्याची जाळी धुऊन पाहिली, वरच्या टाकीत पाणी किती आहे ते पोराला चढवून बघायला लावलं, आणि मग पेणला फोन केला तो थेट "पडदा फाटलाय, नवा घेऊन ये" असं सांगायला. तो मुलगा दोन दिवसांनी आला, झाकण उघडलं, पडदा काढला आणि उजेडात धरला. मधोमध टाचणीएवढं भोक. मामीनं तो त्याच्या हातातून घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला.

"याला डाग देता येत नाही?"

"रबर आहे आजी. फेकायचाच."

त्यानं नवा बसवला, झाकण लावलं, नळ सोडला. टिकटिक, आणि भप्पकन निळी ज्योत. तो पैसे मोजून खिशात घालत होता तेव्हा मामी म्हणाली, "पुढच्या वेळी नुसता पडदा पाठवून दे एसटीनं. स्क्रू मी मोजलेत."

तो हसला. मामी हसली नाही.